भांडाराची किल्ली कोणाच्या हाती?

इ.स. ७७९ साली राजस्थानातील जाबालिपूर, म्हणजे आजचे जालोर, येथे आचार्य उद्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. कथेचा नायक राजपुत्र कुवलयचंद्र विजयपुरीच्या बाजारपेठेत येतो, असा एक प्रसंग या ग्रंथात आहे. पेठेत देशोदेशीचे व्यापारी जमले आहेत. मगधाचे, सिंधचे, मरुदेशाचे, गुर्जर, लाट आणि माळव्याचे, कर्नाटकाचे, आंध्राचे. प्रत्येकाची अंगकाठी वेगळी, स्वभाव वेगळा, बोली वेगळी. सूरीजी प्रत्येकाच्या तोंडचे एक-दोन शब्द तेवढे टिपतात. महाराष्ट्रातला व्यापारी त्यांनी सावळा, काटक, सोशिक, मानी आणि थोडा भांडखोर असा रंगवला आहे. त्याच्या तोंडी जे दोन शब्द घातले आहेत, त्यांचा अर्थ आहे ‘दिले’ आणि ‘घेतले’.

मराठी भाषेच्या इतिहासात या दोन शब्दांना मोठे मोल आहे. आज मराठी माणूस गेला, आला, दिले, घेतले असे जे भूतकाळाचे ‘ल’कारयुक्त रूप सहज उच्चारतो, त्याची एक फार जुनी खूण या पानावर सापडते. ती खूण राजसभेतली नाही, रणांगणावरची नाही. देवघेवीच्या पेठेतली आहे, आणि ती एका जैन आचार्यांनी जपली आहे. व्यापारी घराण्यांतील किती वाचकांना ही गोष्ट ठाऊक आहे, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

एका पानामागचे तीन हात

‘कुवलयमाला’ आज वाचता येते, याला तीन हात कारणीभूत आहेत. पहिला हात अर्थातच रचनाकाराचा. दुसरा हात ज्यांनी ग्रंथाच्या प्रती लिहवून घेतल्या आणि सांभाळल्या त्यांचा. या ग्रंथाच्या दोन हस्तलिखितांवर आजची आवृत्ती उभी आहे: जैसलमेरच्या भांडारातील ताडपत्रीय प्रत आणि पुण्यातील कागदी प्रत. त्या दोन प्रती नसत्या, तर पेठेतला तो मराठी व्यापारी कायमचा मुका झाला असता.

तिसरा हात वाचकाचा. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ अर्धमागधी शिकवणारे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी या दोन प्रती अक्षरशः समोरासमोर ठेवून शुद्ध पाठ सिद्ध केला. मुनी जिनविजयजींच्या देखरेखीखाली चालणाऱ्या सिंघी जैन ग्रंथमालेतून तो १९५९ साली प्रसिद्ध झाला. ही ग्रंथमाला कोलकात्याचे व्यापारी बहादुरसिंहजी सिंघी यांच्या दानातून उभी राहिली होती.

या तीन हातांपैकी दुसरा हात जैन व्यापाऱ्यांचा होता, हे समाज अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. दिगंबर परंपरेत चार दानांमध्ये शास्त्रदानाची गणना होते. श्वेतांबर परंपरेत सात क्षेत्रांमध्ये जिनागम हे एक क्षेत्र आहे. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या शेवटी असणाऱ्या प्रशस्ती वाचल्या, तर त्यांत श्रेष्ठींची नावे, त्यांच्या माता, पत्नी आणि मुलांची नावे, गाव, ज्ञाती आणि गच्छ किंवा गण यांचा उल्लेख आढळतो. कोणी पित्याच्या श्रेयार्थ ग्रंथ लिहवला, कोणी व्रताच्या उद्यापनानिमित्त. लहिया बिचारा शेवटी आपली पाठ, कंबर आणि मान वाकल्याचे सांगतो, आणि पोथीला तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून जपावे, मूर्खाच्या हाती देऊ नये, अशी विनंती करतो.

ही विनंती श्रावकांनी मानली. पाटण, खंभात, जैसलमेर, मूडबिद्री आणि विदर्भातील कारंजा येथील भांडारे ही त्याची साक्ष आहे. या भांडारांनी केवळ स्वधर्माचे ग्रंथ राखले असेही नाही. कल्याणीच्या चालुक्य राजाचे चरित्र सांगणारे बिल्हणाचे ‘विक्रमांकदेवचरित’ हे काव्य १८७४ साली डॉ. ब्यूलर यांना जैसलमेरच्या जैन भांडारात मिळाले. राजशेखराचा ‘काव्यमीमांसा’ हा साहित्यशास्त्रावरचा ग्रंथही पाटणच्या भांडारामुळे जगापुढे आला. मध्ययुगीन भारताची स्मृती मोठ्या प्रमाणात व्यापाऱ्यांच्या पेटाऱ्यांत सुरक्षित राहिली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

दर्शन आहे, वाचन नाही

परंतु जपणे आणि वाचणे यांत अंतर आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मूडबिद्रीची सिद्धांत-वसती. षट्खंडागम आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका जुन्या कानडी लिपीतील ताडपत्रांवर तेथे शतकानुशतके राखलेली होती. यात्रेकरू येत, ताडपत्रांचे दर्शन घेत, मस्तक टेकवत आणि परत जात. श्रद्धा अखंड होती. अध्ययन मात्र थांबलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी या ताडपत्रांच्या प्रती करवून घेण्याचा ध्यास घेतला. हिराचंद नेमचंद म्हणजे ‘जैन बोधक’ या मराठी नियतकालिकाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच. प्रती करण्याचे काम अनेक वर्षे चालले.

पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी ‘धवले’च्या संपादनाचा भार उचलला. विदिशेचे श्रीमंत शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांनी त्यासाठी निधी दिला. १९३९ साली पहिला खंड निघाला आणि १६ खंड पूर्ण व्हायला जवळजवळ दोन दशके लागली. याच हिरालालजींनी कारंज्याच्या भांडारातील अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रकाशात आणले आणि अपभ्रंश भाषेच्या अभ्यासाला भक्कम पाया दिला.

सोलापूरची कथाही अशीच आहे. तेथील ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ साली नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावले, आपल्या न्यायोपार्जित संपत्तीचा विनियोग कशासाठी करावा असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला आणि जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली. आरंभी ३० हजार रुपये आणि पुढे १९४४ साली आपली सुमारे २ लाखांची सर्व संपत्ती त्यांनी या कार्याला अर्पण केली. जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’. त्याचे संपादक उपाध्ये आणि हिरालाल जैन हेच होते.

या सर्व हकिकतींत एक सूत्र दिसते. दाता होता आणि त्याच्या जोडीला वाचणारा होता, म्हणून काम झाले. नुसते दान असते तर नव्या कपाटांत जुन्या पोथ्या तशाच बांधून राहिल्या असत्या. आज दात्यांची उणीव नाही. मंदिरे उभी राहत आहेत, जीर्णोद्धार होत आहेत, भांडारांना लोखंडी कपाटे आणि छायाचित्रणाची यंत्रे मिळत आहेत. उणीव आहे ती पोथी उघडून वाचू शकणाऱ्या माणसाची.

दोन वर्षांत काय शिकतात?

मध्ययुगीन साहित्य आणि संस्कृती यांच्या पदव्युत्तर अभ्यासाविषयी व्यापारी घरांत फारशी कल्पना नसते. ‘एम.ए. करून काय वाचायचे, गोष्टीच ना?’ अशी शंका सहज विचारली जाते. प्रत्यक्षात हे काम जवाहिऱ्याच्या पारखीइतकेच बारकाईचे आहे.

प्रथम भाषा. अर्धमागधी, शौरसेनी आणि महाराष्ट्री या प्राकृतांतून अपभ्रंशाकडे आणि तेथून जुन्या गुजराती, राजस्थानी, हिंदी व मराठीकडे शब्द कसे वाहत आले, याचा अभ्यास त्यात येतो. नंतर लिपी. जुन्या जैन नागरीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. सर्व ओळ सलग. ‘ए’कारासाठी कित्येकदा अक्षराच्या डोक्यावर मात्रा न देता आधी उभी रेघ काढलेली असते, तिला पडिमात्रा म्हणतात. ‘च’ आणि ‘व’, ‘थ’ आणि ‘छ’ यांची अदलाबदल झाली की अर्थ कोठच्या कोठे जातो. सरावलेला विद्यार्थीसुद्धा आरंभी एका पानावर अख्खा दिवस घालवतो.

त्यापुढे पाठचिकित्सा. एकाच ग्रंथाच्या चार प्रती समोर असतील आणि चौघांचे एकमत नसेल, तर मूळ शब्द कोणता मानावा? बहुसंख्येने हा प्रश्न सुटत नाही. तीन प्रती एकाच चुकीच्या प्रतीवरून उतरलेल्या असू शकतात. कोणती प्रत कोणावरून उतरली, याची वंशावळ मांडावी लागते. रोजकीर्द आणि खातेवही ताडून पाहणाऱ्या मुनीमाला ही पद्धत परकी वाटू नये. चूक कोठे शिरली, ते मागे मागे जाऊन शोधायचे आणि मग दुरुस्ती करायची, हेच दोन्हीकडचे काम.

शेवटी संस्कृती. प्रशस्तीतील एका नावावरून व्यापारी घराण्याचे स्थलांतर कळते, चित्रित कल्पसूत्राच्या रंगांवरून दूरदेशीचा व्यापार कळतो, दस्तऐवजांच्या नमुन्यांवरून गहाणखत आणि विक्रीखत कसे लिहीत ते कळते. मध्ययुगीन गुजरातमधील ‘लेखपद्धती’ हा अशा नमुन्यांचाच संग्रह आहे. इतिहास, कला, कायदा आणि अर्थव्यवहार या सर्वांच्या वाटा येथे एकत्र येतात.

टांकसाळीतला ग्रंथकार, पेढीवरचा संशोधक

व्यापारी घराला या अभ्यासातून स्वतःचा चेहरा कसा दिसतो, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

ठक्कुर फेरू हे श्रीमाळ जैन गृहस्थ अल्लाउद्दीन खिलजीच्या काळी दिल्लीत राजकोषाशी आणि टांकसाळीशी संबंधित अधिकारी होते. हिरे-माणकांची पारख कशी करावी यावर त्यांनी १३१५ साली ‘रत्नपरीक्षा’ लिहिली आणि १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ लिहून निरनिराळ्या नाण्यांतील धातूंचे प्रमाण व मोल नोंदवले. ही रचना पंडितांच्या संस्कृतात नाही, लोकांच्या जवळच्या भाषेत आहे. ‘गणितसार’ही त्यांनीच लिहिले. मध्ययुगीन नाण्यांचा अभ्यास करणाऱ्याला आज ‘द्रव्यपरीक्षा’ टाळून पुढे जाता येत नाही.

हे ग्रंथ शतकानुशतके विस्मृतीत होते. ते उजेडात आणले बिकानेरच्या अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा या व्यापारी घराण्यातील काका-पुतण्यांनी. कोलकात्यातील एका ग्रंथसंग्रहात त्यांना त्यांचे हस्तलिखित आढळले. अगरचंदजींचे शालेय शिक्षण अगदी थोडे होते. तरीही त्यांनी हजारो हस्तलिखिते गोळा केली आणि अभय जैन ग्रंथालय उभे केले.

मग पदवीची गरज काय, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. अगरचंदजींना जुनी लिपी आणि जुनी भाषा मुनिराजांच्या सहवासातून व घरच्या वातावरणातून मिळाली होती. आज घराघरांतला तो धागा तुटला आहे. नातवंडांना आजोबांची महाजनी किंवा मोडी वही वाचता येत नाही. मग पंधराव्या शतकातील पोथी कोठून येणार? जे घरात मिळत होते ते आता शिकायचे असेल, तर विद्यापीठ आणि संशोधनसंस्था हीच जागा उरली आहे.

दुसरे उदाहरण बनारसीदासांचे. जौनपूरला १५८६ साली जन्मलेल्या या श्रीमाळ जैन व्यापाऱ्याने १६४१ साली आग्र्यात ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून ५५ व्या वर्षी ही कथा ‘अर्धी’ ठरवली. जवाहिराच्या व्यापारात आलेली खोट, उधारीवर कचोरी खाऊ घालणारा भला दुकानदार, तरुणपणी रचलेले शृंगारकाव्य गोमती नदीत सोडून देण्याचा क्षण, नऊ अपत्यांचा वियोग, हे सारे त्यांनी लपवाछपवी न करता सांगितले. नफा-तोटा आणि पुण्य-पाप यांचा हिशेब एकाच वहीत मांडणारा असा व्यापारी त्या काळच्या भारतीय साहित्यात विरळा. पंडित नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून ‘अर्धकथानक’ संपादून प्रसिद्ध केले.

मराठीतही ही परंपरा आहे. गुणकीर्तींचे ‘धर्मामृत’ हे जुन्या मराठी गद्यातील पुस्तक, जिनदासांनी आरंभलेले आणि पुण्यसागरांनी पूर्ण केलेले ‘हरिवंशपुराण’, महीचंद्रांचे ‘आदिपुराण’ ही नावे मराठी वाङ्मयाच्या सर्वसामान्य वाचकापर्यंत फारशी पोहोचलेली नाहीत. डॉ. विद्याधर जोहरापूरकर आणि डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी या दालनात मोलाचे काम केले. ते पुढे नेण्यास भरपूर वाव आहे.

‘पुढे काय?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर

मुलगी किंवा मुलगा बी.ए.नंतर प्राकृत घेऊन एम.ए. करू इच्छितो असे म्हणाला, की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो: पुढे काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून चालणार नाही. या अभ्यासातून पेढीच्या बरोबरीचे उत्पन्न मिळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि त्यासाठी वाट पाहावी लागते.

तथापि वाट बंद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेत प्राकृत हा स्वतंत्र विषय आहे आणि तीतून संशोधनासाठी छात्रवृत्ती मिळू शकते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबरच प्राकृत आणि पाली यांनाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १ कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्यासाठी ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली. छायाचित्रे यंत्र घेईल. पोथी कोणती, कोणाची, पूर्ण की त्रुटित, हे सांगायला वाचणारा माणूसच लागेल. सूचीकार, संग्रहालयातील अभ्यासक, संपादक, अनुवादक, साधु-साध्वींना शिकवणारे पंडित, अशा कामांना जाणकारांची निकड आहे.

शिक्षणाच्या जागाही आहेत. पुण्यातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संस्कृत व प्राकृत भाषा विभाग, १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, अहमदाबादचे लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर, लाडनूंचे जैन विश्वभारती संस्थान, उदयपूरच्या मोहनलाल सुखाडिया विद्यापीठातील जैनविद्या व प्राकृत विभाग, जयपूरची अपभ्रंश साहित्य अकादमी, वाराणसीचे पार्श्वनाथ विद्यापीठ, ही त्यांतील काही. दुकान सांभाळणाऱ्या तरुणाला किंवा मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणाऱ्या गृहिणीला दूरशिक्षणाचा मार्गही उपलब्ध आहे.

येथे व्यापारी घराचे एक बलस्थान लक्षात घ्यावे. ज्या घराचा चरितार्थ एकाच पगारावर अवलंबून असतो, त्या घरातील मुलाला मंद गतीने फळणारी विद्या निवडणे अवघड जाते. चार भावांची पेढी असलेल्या घराला एक मूल या कामासाठी देणे शक्य असते. पूर्वीच्या श्रेष्ठींनी पोथी लिहवण्यासाठी द्रव्य दिले. आजच्या श्रेष्ठींनी पोथी वाचण्यासाठी माणूस द्यावा, एवढाच काळाचा फरक आहे.

घराने आणि संघाने करण्याजोगे

आरंभ लहान गोष्टींनी होऊ शकतो. महाराष्ट्रात शालेय आणि महाविद्यालयीन स्तरावर अर्धमागधीचा पर्याय आहे. घरातील मुलांना तो घेण्यास हरकत नसावी. गावातील मंदिरात किंवा उपाश्रयात जुन्या पोथ्या असतील, तर त्यांची साधी यादी करावी: किती पोथ्या, कागद की ताडपत्र, शेवटच्या पानावर संवत आहे का. घरच्या जुन्या वह्या, हुंड्या आणि पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवाव्यात.

संघाच्या पातळीवर, चातुर्मासातील एखाद्या बोलीचा किंवा वार्षिक निधीचा काही भाग प्राकृत-अपभ्रंश शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या खर्चासाठी राखून ठेवता येईल. इमारतीवर नाव कोरले जाते तसे छात्रवृत्तीलाही दात्याच्या माता-पित्यांचे नाव देता येईल. मध्ययुगीन प्रशस्तीत नेमके हेच होत असे. आणि सर्वांत महत्त्वाचे, विवाहाच्या बोलणीत ‘मुलगी प्राकृतात एम.ए. आहे’ हे वाक्य संकोचाने न उच्चारता मानाने उच्चारले जावे.

कार्तिक शुद्ध पंचमीला अनेक व्यापारी घरांत लाभपंचमी साजरी होते. दिवाळीनंतर दुकाने उघडतात, नव्या वहीत पहिली नोंद पडते. श्वेतांबर परंपरेत तीच तिथी ज्ञानपंचमी आहे. त्या दिवशी भांडारातील ग्रंथ बाहेर काढून झटकले जातात आणि त्यांची पूजा होते. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, हाच मान शास्त्राला मिळतो. वही आणि पोथी यांना एकाच तिथीला वंदन करणारी परंपरा ज्या समाजात आहे, तेथे वही प्रत्येक घरात वाचता येते. पोथी वाचणारा निदान प्रत्येक गावात एक तरी असावा, म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी पेठेत ‘दिले’ आणि ‘घेतले’ म्हणणाऱ्या त्या मराठी व्यापाऱ्याचा आवाज त्याच्या वारसांना ऐकू येईल.